जिवासम दगड

शुक्र. २० फेब्रुवारी
पल्लवी आली. नात. शेलूबाजारपर्यंत एसटी, पुढं जीप. वाळली पोरगी. आमी हळद काढून राह्यलो, तसेच पिवळे हात तिच्या गालाले लावले. म्हने, "आजी, लगन लावून देतं का माह्यं?" कॉलेजात थे दगडाचं शिकते. दगडाचंही कॉलेज असते! माही तं चवथी कशी झाली, मलेच मालूम.

शनि. २१
देवातला दगड तिनं उचलला. विहीर खोदताना तिच्या आबाले सापडलेला, गोगलगायीवानी वेटोळं हाय त्याच्यात. आबा गेले तवापासून मी त्याले रोज हळद-कुकू वाहते.
पोरगी वरडली, "आजी, जीवाश्म हाय हे!"
मी म्हटलं, "हो ना माय, जिवासमच हाय. आबानं देल्ला."
हासून हासून खालीच बसली. मंग सांगतलं. अश्म म्हंजे दगड. जीवाचा दगड झाला. खरीच गोगलगाय होती म्हने, मानूस नव्हता तवाची. विंग्रजीत फॉसिल. त्याचा अर्थ खोदून काढलेलं.
"मंग माही हळदही फॉसिल!"
"आजी, आधी तसंच होतं! जमिनीतून निघालं थे सारंच फॉसिल. मंग असल्याच दगडाचं नाव पडलं."
पाहा! वावरात साऱ्या बायाइले सांगतलं. शांता म्हने, "काकू, चार टोपले फॉसिल झालं, चहा पाजा आता."

रवि. २२
सरांले दाखवाले दगड पायजे म्हने. "वापस आनून देशीन ना?" मी म्हटलं, तं खाली पाह्यलं तिनं. "आतून पाहाले कापा लागते, आजी."
भाकर करपली.
तिच्या आबाले काई सापडलं का थे मले हाक मारत, "पाह्य वं, काय हाय हे?" मले काय सांगता येत होतं? पोरीले येते.

सोम. २३
दगड धुतला, लुगड्याच्या तुकड्यात बांधून तिच्या बॅगीत घातला. चहा ठेवाले गेली तं पोरीनं काढून परत देवात!
"काहून वं?"
"आबाले कापू काय मी?"
डोळे भरले तिचे. मी म्हटलं, आबालेच पाहाचं होतं आत काय हाय थे. पुन्हा घातला. मंग पाया पडून येते म्हने, एकटीच गेली देवापाशी, बॅग घेऊन. बाहेर जीपवाला हारन वाजवून राह्यला.
गेली पोरगी. भांडे घासले, आंगन झाडलं. देवापाशी अजून गेली नाही मी.