नाव न घेतलेली बाई

गुरुजी,

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेनं एक गतिरोधक बांधलाय. खड्ड्यांनी वेग पुरेसा कमी होत नाही अशी कुणाची तरी खात्री झाली असावी. तो इतका उंच आहे की माझं पन्नाशीकडे झुकलेलं कंबरडं रोज दोन वेळा राष्ट्राला अर्पण होतं. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की सदर ठिकाणी असा कोणताही गतिरोधक अस्तित्वात नाही, सबब तो काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हे उत्तर घेऊन येणारा शिपाई त्याच गतिरोधकावर सायकलसकट आडवा झाला होता. आधी त्याच्या कोपराला हळद लावली, मग कागदाची पोच दिली.

तो कागद वाचला आणि तुम्ही आठवलात. असली उत्तरं तुम्ही वर्षानुवर्षं गोळा केलीत. शाळेत आम्हाला प्रश्न विचारून झाले, मग आमदार होऊन विरोधी बाकावरून मंत्र्यांना विचारू लागलात. मी तुमचा माजी विद्यार्थी, अर्धवट पत्रकार आणि पूर्णवेळ लेखनिक. तुम्ही बोलायचात, मी सरकारी भाषेत उतरवायचो: 'हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?' तुम्ही गेलात तेव्हा आपण अजून परभणी जिल्ह्यात होतो. आता हिंगोलीला स्वतःचा कलेक्टर आहे. उत्तरं जवळून मिळतात, विचारणारे तेवढे लांब गेलेत.

तुमच्या मुलीनं यंदा तुमची स्मरणिका काढायची ठरवली आहे. मला म्हणाली, 'दादा, बाबांना पत्र लिहिल्यासारखं काहीतरी हृद्य लिहा.' हृद्य माझ्या हातून उतरत नाही, मंत्र्यांच्या टिंगलीवर पोट भरणारा माणूस मी. पण तिला नाही म्हणता आलं नाही. म्हणून नागपूरच्या त्या सकाळबद्दल लिहायला बसलो. तुमचं सगळ्यात मोठं वागणं ते, असं मी आजवर ज्याला त्याला सांगत आलो आहे.

सेनगावकडच्या तांड्यावरची ती म्हातारी तुमच्या ओसरीवर आली तो दिवस मला लख्ख आठवतो. म्हातारी म्हणजे तेव्हा माझ्या आजच्या वयाची असेल. आरशांचा घागरा, हातभर बांगड्या, आणि डोळ्यांत पाणी नाही. तांड्यासाठी आरोग्य उपकेंद्र बांधलं होतं. त्याला कुलूप होतं, आणि बाळंतपणाच्या खोलीत ठेकेदाराची सोयाबीनची पोती. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा आधी तिथं नेलं, मग जीप शोधली. सेनगाव यायच्या आत सून मोकळी झाली आणि लेकरू गेलं. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, 'मास्तर, तुमी मंतऱ्याला इचारा. मी संगं येते.'

तुम्ही प्रश्न लावला. तो तारांकित म्हणून स्वीकारला गेला, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर देणं भाग. अधिवेशन नागपूरला, थंडीचे दिवस. म्हातारी खरंच संगं आली. वाशीममार्गे एसटीनं, फडक्यात भाकरी आणि तिळाची चटणी बांधून. प्रेक्षकांच्या गॅलरीच्या दारात शिपायानं तिला अडवलं, कारण घागऱ्याच्या आरशांची तिरीप अध्यक्षांच्या डोळ्यांवर जाईल. मी त्याला म्हटलं, अध्यक्षांचे डोळे उघडे असतील तर जाईल. तो हसला आणि त्यानं सोडलं.

आता मी तिच्या शेजारी बसलोय. खाली तुम्ही, पांढरं धोतर, चष्मा कपाळावर. छापील उत्तर आधीच हातात आहे: हे खरे नाही, केंद्र नियमित सुरू आहे. तुम्ही उपप्रश्नाला उठता. पोत्यांचं विचारता, कुलपाचं विचारता, मंत्र्याला शाळेतल्यासारखं हळूहळू फळ्यापाशी आणता. सत्ताधारी बाक गप्प व्हायला लागतात. मंत्री पाणी पितो आणि म्हणतो, 'अध्यक्ष महाराज, हे सगळं ऐकीव आहे. सन्माननीय सदस्यांनी त्या तांड्यातल्या एका तरी माणसाचं नाव सांगावं. आत्ता, इथं, चौकशी जाहीर करतो.' शेजारी म्हातारीनं डोक्यावरची ओढणी सारखी केलेली मला दिसते. बाई पुढं सरकून ताठ बसते. तुम्ही उभेच आहात. वर बघत नाही. मग म्हणता, 'नाव सांगणार नाही,' आणि खाली बसता. समोरून कुणीतरी म्हणतं, 'गुरुजी, पोरगा आज गैरहजर दिसतो.' सगळं सभागृह हसतं, तुमच्या बाजूचेही. अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात.

आमदार निवासात मी तुमच्यावर चिडलो होतो. तुम्ही चहात पाव बुडवत शांतपणे सांगितलंत, तिचा मुलगा सरकारी दवाखान्यात रोजंदारीवर आहे, त्याच खात्यात. नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी घरी बसेल. वर म्हणालात, 'ज्यानं येऊन सांगितलं त्याचं नाव वर्गात घ्यायचं नसतं. तू विसरलास?' मी कसा विसरेन? शाळेत काचा कुणी फोडल्या हे मीच तुम्हाला सांगितलं होतं, आणि फोडणाऱ्यांनी कितीही विचारलं तरी तुम्ही माझं नाव कळू दिलं नाहीत. पाठ शाबूत राहिली. त्या संध्याकाळी तुमच्यापुढं मान खाली घातली, ती इतकी वर्षं तशीच होती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कळमनुरीच्या बाजारात लोक म्हणाले, मास्तर मिटवून आला. तुम्ही कुणालाच कारण सांगितलं नाहीत, कारण सांगणं म्हणजे त्या पोराचं नाव घेणं. निवडणुकीत पडलात. म्हातारीला म्हणाला होतात, मी येऊन सगळं समजावतो. ते राहून गेलं आणि तुम्हीही गेलात.

तर गेल्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. स्मरणिकेत शेवटी म्हातारीचे दोन कृतज्ञ शब्द टाकावेत, असा लेखकी लोभ होता. ती आहे अजून, खाटेवर, ऐकू चांगलं येतं. मुलगा काळीपिवळी जीप चालवतो. दवाखान्यातले रोजंदारीवाले त्याच वर्षी एकजात काढून टाकले होते, नाव न घेताच. मी तिला सगळं सांगितलं: तुम्ही का गप्प बसलात, कसं पाडलं लोकांनी, कसं सोसलंत. आवाजही जरा भरून आणला. तिनं पुरतं ऐकून घेतलं.

'मास्तर चांगला व्हता,' ती म्हणाली. 'पण मला इचारलं काहून न्हाई?'

मी म्हटलं, मुलाची नोकरी जाईल म्हणून.

'ते मला ठाऊक नव्हतं व्हय? घरून ठरवून निघाले व्हते. पोराला बी सांगितलं व्हतं. त्यो म्हनला, जा याडी, जा माय. लेकरू त्याचंच व्हतं ना.' मग म्हणाली, 'तिथं मी बसायला आले व्हते का, भाऊ? मास्तरानं निस्तं बोट वर करायचं व्हतं. ही बाई पाहा म्हनायचं व्हतं. मी उभी राहनार व्हते.'

जीपवाला मुलगा चहा घेऊन आला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, 'घ्या साहेब, निवून राहिला.'

गुरुजी, मी काच फोडणाऱ्यांना भिणारं लेकरू होतो. ती नव्हती. तुम्ही आयुष्यभर मंत्र्यांना विचारलंत, पण तिला एकदा विचारायचं राहिलं. आणि मीही तिच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो, तिनं ओढणी सारखी केलेली पाहिली होती, आणि मला वाटलं बाईला थंडी वाजते आहे.

निघताना मी तिला विचारलं, आता लिहू का? तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग तांड्याचं, आणि मी बरोबर लिहितोय की नाही हे मुलाला बघायला लावलं. या रविवारच्या माझ्या सदरात एकही विनोद नाही. तुमचा तोच प्रश्न आहे, आणि जिथं तुम्ही खाली बसलात तिथं तिचं पूर्ण नाव. छापून आल्यावर अंक मुलाच्या जीपमध्ये ठेवून आलो. उपकेंद्राचं छत आता पडलंय, त्यामुळं कार्यवाही काय होईल ते मी विचारत नाही.

स्मरणिकेला दुसरं काहीतरी देईन, तुमच्या धोतराबद्दल वगैरे. मुलीनं मागितलं होतं त्याच्या हे जवळपासही नाही. वरचं पत्र पाकिटात घालून तिच्या दारापर्यंत नेलं होतं. तिनं दार उघडलं, तुमच्यासारखीच चष्मा कपाळावर चढवून म्हणाली, 'आणलंत का, दादा?' आणि मी म्हणालो, अजून लिहून झालं नाही.