कोरमपुरते पाच

रविवार, ५ ऑगस्ट
विवेक मंच स्थापन केला. देव नको, दैव नको. माणसाने माणसाशी सचोटीने वागावं, एवढंच आमचं म्हणणं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी पाच ते सहा. विषय : सार्वजनिक जीवनातील प्रामाणिकपणा. खोली फुकट, पण दर सभेला रजिस्टरवर किमान पाच सह्या हव्यात. नियम फारच आवडला. ग्रंथपाल बाईंना तसं लेखी कळवलं. एकतीस वर्षं खात्यात चौकशी अधिकारी होतो. नियम दिसला की घरच्यासारखं वाटतं.
आज उपस्थित : मी. पहिलाच दिवस, चालायचंच. बाईंनी आजच्यापुरती सूट दिली.

सोमवार, ६ ऑगस्ट
पत्रकं वाटली. शिंपी म्हणाला, साहेब, येतो की. दातांच्या डॉक्टरांनी (आता रिटायर्ड, माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली) पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, रविवार ना? नक्की. शेजारचे वकील आणि लाँड्रीवाला यांनीही माना डोलावल्या. मी धरून पाच. काम फत्ते.

रविवार, १२ ऑगस्ट
सव्वापाचपर्यंत वाट पाहिली. मग अख्खं व्याख्यान दिलं. समोर कोणी नसलं की विचार स्वच्छ येतात. एका ठिकाणी टाळी अपेक्षित होती, तिथे जरा थांबलो.
रजिस्टरचं काय? चौघांनी शब्द दिला होता. शब्द दिला म्हणजे माणूस निम्मा आलाच. उरलेला निम्मा तांत्रिक. चौघांच्या सह्या करून टाकल्या. खोट्या हजेरीबद्दल एका कारकुनाला मी घरी बसवलं होतं, ती केस वेगळी. त्याचा हेतू वाईट होता.

रविवार, १९ ऑगस्ट
पुन्हा तेच. सह्या आता सफाईने होतात. डॉक्टरांची तर फारच ऐटदार येते. बाई म्हणाल्या, मंचाने चांगलं मूळ धरलं. थँक्यू म्हणालो. थँक्यू म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
संकल्प : पुढच्या रविवारपासून एकही सही करायची नाही.

रविवार, २६ ऑगस्ट
संकल्प पुढे ढकलला. खोली गेली तर रविवारी संध्याकाळी जायचं कुठे? घरी टीव्ही बोलतो, मी ऐकतो. उलटं कधी होत नाही.

बुधवार, २९ ऑगस्ट
डॉक्टर सोमवारी गेले. झोपेतच. वाईट वाटलं. सभासद कमी झाला.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट
बाईंनी बोलावून घेतलं. डॉक्टरांच्या पत्नी आल्या होत्या. म्हणाल्या, हे रविवारी साडेचारला मंचाला म्हणून निघायचे, येताना इतके खुशीत असायचे. चाळीस वर्षांत असे पाहिले नव्हते. इथे काय बोलायचे, तेवढं सांगा.
बाईंनी कौतुकाने रजिस्टर उघडलं. वहिनींनी सहीवरून बोट फिरवलं. सही जरा वेगळी वाटते, म्हणाल्या. हात थरथरत असेल अलीकडे.
डॉक्टर एकदाही आले नव्हते. कुठे जात होते ते देव जाणे. म्हणजे कोणीच जाणत नाही.
म्हणालो, मोजकंच बोलायचे, पण नेमकं. त्यांचे डोळे भरून आले. घरीही तसेच, म्हणाल्या. रविवारी येणार आहेत, त्यांच्या जागेवर बसायला.
याला खोटं म्हणत नाहीत, सांत्वन म्हणतात. सांत्वनाला पुरावा लागत नाही.

शनिवार, १ सप्टेंबर
तिघांच्या दारी गेलो. फक्त उद्या एक तास या, हात जोडतो, म्हटलं. वकिलांनी विषय विचारला. सांगितल्यावर हसले. लाँड्रीवाल्याकडे कपड्यांचा ढीग होता. शिंपी म्हणाला, येतो की.

रविवार, २ सप्टेंबर, संध्याकाळी ७
वहिनी पावणेपाचलाच आल्या. यांची जागा कोणती, विचारलं. मी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. ती पुसून बसल्या.
सव्वापाच झाले. साडेपाच झाले. बाकीचे? असं विचारलं. येतील, म्हटलं. पावणेसहाला हळूच म्हणाल्या, भाऊजी, खरं सांगा, हे इथे येत होते का?
असले प्रश्न मी जन्मभर लोकांना विचारले. उत्तर लगेच आलं नाही की खेकसायचो.
नाही, म्हणालो. कोणीच येत नव्हतं. सह्या माझ्या आहेत.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, खुर्ची नीट आत सरकवली. मग म्हणाल्या, म्हणजे कुठे जायचे, तेही तुम्हाला ठाऊक नाही. नाही, म्हटलं. पर्स उचलली आणि कठड्याला धरून जिना उतरल्या. पोचवायला जायला हवं होतं. धीर झाला नाही.
खाली जाऊन बाईंनाही सांगितलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. पुढच्या रविवारपासून खोली चित्रकलेच्या क्लासला. नियमाप्रमाणे बरोबर आहे.
खरं बोललं की मन हलकं होतं, हा आजच्या व्याख्यानाचा शेवटचा मुद्दा होता. खोडला.
मंचाला आजवर श्रोता एकच आला. त्याला मी ऐकवलं ते हे.