बिनडोक्याचा शिपाई

प्रिय नंदू,

परवा पेटी उघडली. तीच, लॉकडाऊनमध्ये आपण वरकुट्याच्या घराच्या ओसरीवर बसून रंगवलेल्या नेपोलियनच्या शिपायांची. बोटभर उंचीची अठरा माणसं; तुझ्या आईच्या माघारी घरात तेवढीच काय ती वर्दळ. त्यांच्या उंच शाको टोप्यांना मी दुधाचे कॅन म्हणायचो आणि तू चिडायचीस. आयुष्य डेअरीत गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्यातल्या ग्रेनेडियर शिपायाची टोपी अस्वलाच्या केसांची, हे तू बजावलं होतंस. तरी मी शहाणपणा करून आजीच्या घोंगडीची लोकर चिकटवली. वाळल्यावर त्याच्या डोक्यावर मेंढी बसल्यासारखी दिसली. तू पोट धरून हसलीस. मग ते डोकं कापून म्हणालीस, धड तेच ठेवू, डोकं नवं बसवू. त्याच आठवड्यात तू बुद्धघोषशी लग्नाचं काढलंस आणि मी ताटावरून उठलो.

लग्नाला आलो नाही. आणलेल्या फेट्याची घडी अजून मोडलेली नाही. भावकी काय म्हणेल, एवढंच मनात होतं. ती भावकी आता महिनोन्महिने इकडे फिरकत नाही. टीव्ही नुसता लावून ठेवतो. एकटं फार वाटतं गं. तीन वर्षं तो शिपाई बिनडोक्याचा पेटीत आणि मी बाहेर. त्यात खरा बिनडोक कोण, ते तूच ठरव.

काल त्याला डोकं बसवलं. मिशी जरा वाकडी झालीय. शाको शिल्लक नव्हता, म्हणून पुट्टीचा बारीक फेटा बांधला. नेपोलियनकडे असा कुणी नव्हता, माहीत आहे. पण बरा दिसतो.

शेजारची रंगूबाई सांगवीला तुझ्याकडे येऊन गेली ना, ती दारातूनच ओरडली, "आबा, नात तुमच्यावर गेलीया, डोस्कं मोठं हाय! रविवारी नाव ठेवत्यात." आंगडं-टोपडं आजोळानं न्यायचं असतं. आंगडं बारामतीतून अंदाजानं आणलं. टोपड्यासाठी दुकानदारानं माप विचारलं आणि मला सांगता येईना. एवढ्या शिपायांच्या टोप्या बेतल्या, पण नातीचं डोकं केवढं ते ठाऊक नाही. म्हणून हे पत्र. रंगूबाई उद्या पुन्हा तिकडे येतेय, तिच्याच हाती देतो. पोरीच्या डोक्याभोवती दोरा धर, मापाला गाठ मार आणि रंगूबाईकडे दे. दोरा आला, की तू मला ये म्हणालीस असं समजेन.

तुझाच,
आबा