रविवारपर्यंत राहू दे

पप्पा, आधी फक्त जे झालं ते लिहिते.

१. आज गुड फ्रायडे. सकाळी आपल्या गल्लीच्या तोंडावरच्या दगडी क्रुसाला कुणीतरी बॅनर बांधत होतं. त्यावर अकरा हसरे चेहरे आणि मजकूर : 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'.

२. बांधणाऱ्या कार्यकर्त्याला मी सांगितलं, "भाऊ, आज आमचा शोकाचा दिवस आहे." तो म्हणाला, "मॅडम, गुड लिहिलंय ना? मग वाईट कसा असेल?"

३. रस्ता रुंद करण्यासाठी हाच क्रूस हटवायची नोटीस लागली आहे. हरकत घ्यायची मुदत सोमवारी संपते. गावठाणातले लोक म्हणतात, अर्जावर सही मी करायची, कारण मी तुझी मुलगी.

सही मी अजून केलेली नाही. टेप लावून मोजलं : गटार दीड फूट सरकवलं तर क्रूस जागेवर राहतो. तसा नकाशा काढून नगरसेवकांकडे नेला. त्यांनी तो उलटा धरला, "झकास" म्हणाले आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. पवईच्या ऑफिसात मी पुलांवरचे भार तपासते. तिथे आकडा चुकला तर कुणीतरी तो दुरुस्त करतं, चुकीला हार घालत नाही. इथे आज त्या अकरांत तेच सर्वांत मोठे हसतायत, ज्यांच्या टेबलावर तो नकाशा पडला आहे.

तू असतास तर हसला असतास, आणि मी आणखी चिडले असते. मी बारावीत असतानाचा गुड फ्रायडे आठवतो. घरात उपास, आईने पेज केली आहे, तू ओट्याला टेकून उभा आहेस. तेव्हाही रुंदीकरण, तेव्हाही हाच क्रूस. तुझे अर्ज टाइप करून करून मी वैतागले आहे. मी म्हणते, "पप्पा, येशू तिसऱ्या दिवशी उठला. तुझी फाइल बारा वर्षं झोपलीय." आई म्हणते, "गप गं, आजच्या दिवशी तरी." तू म्हणतोस, "मग उठव ना तिला. बस, टाइप कर." त्या वर्षीही क्रुसाला असलाच बॅनर होता. मी कात्री घेऊन निघाले, तर तू दारातच ती काढून घेतलीस. "राहू दे गं. आज चूक आहे. रविवारपर्यंत ठेव, ईस्टरला बरोबर होईल."

मला तो पळपुटेपणा वाटला. तुझ्यासारख्या माणसांमुळेच यांचं फावतं, असं मी तुझ्या तोंडावर म्हणाले. तुला जाऊन दहा वर्षं झाली, तो राग अजून गेलेला नाही. पण क्रूस उभा आहे, हेही मला हिशेबात धरावं लागतं. तुझ्या अर्जांमुळे की त्यांच्या आळसामुळे, ते सिद्ध करता येत नाही.

आज पुन्हा कात्री घेऊन क्रुसापर्यंत गेले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी आधी सुटली होती. बॅनर तू राहू दिलास, अर्ज कधीच राहू दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला पुन्हा टाइप करायला बसवलंस. येशूची कबर अजून बंद असते त्या दिवशी. सुरुवात नेहमीची : 'पुन्हा एकदा विनंती की'. त्या 'पुन्हा'चा मला इतका कंटाळा होता की एकदा मी तो गाळला, आणि तू पेनाने वर लिहिलास.

मला एवढंच हवं आहे : सोमवारी तो कागद पालिकेच्या खिडकीतून आत सरकवताना तुला खरंच वाटायचं का, की होईल? की फक्त सवय होती? हो किंवा नाही. प्रवचन नको.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. कबूल करते, बॅनर मी कापला नाही. कात्री पिशवीत आहे, आणि उद्यासाठी एक कोरा कागदही.

कृपया रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्साआधी उत्तर कळव.