मांडीवरून आलेली बाटली

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या गॅलरीतली कबुतरं या तिन्हींची खुशाली आधी कळव. इकडे आम्ही हातीपायी धड आहोत. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू आहेस. पण ते क्रमाने सांगते, कारण तीस वर्षं शाळेत पेपर तपासल्यावर उत्तराच्या पायऱ्या गाळणं मला जमत नाही.

तुझ्या भाचीचं लग्न पुढच्या महिन्यात. होणाऱ्या विहीणबाई जेवताना पेलाभर वाइन घेतात आणि घेतल्यावर तिच्याबद्दल मतही देतात. लेकीने मला बजावलं, "आई, एवढी एकच गोष्ट नीट कर. सासूबाईंनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं तर जन्मभर ऐकवीन." (ती खरंच ऐकवते. पाचवीतल्या रंगपेटीबद्दल अजून ऐकवते आहे.) आमचा खिसा किती खोल आहे हे तुला ठाऊक आहे, तेव्हा चांगली आणि तरीही स्वस्त अशी वाइन शोधणं नशिबी आलं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. विक्रेता म्हणाला, हिला ओल्या लाकडाचा वास आहे, हिला चामड्याचा आणि हिला नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. पेन्सिली मी तीस वर्षं फुकट हुंगत आले, त्याचे पैसे पडतात हे प्रथमच कळलं. शेवटी स्वस्तातल्या सहा बाटल्या उचलल्या आणि घरी रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली.

नावं झाकायला लेकीने आमच्या पाठीमागे बाटल्यांवर ह्यांचे मोजे चढवले (धुतलेले, दोनदा) आणि मोज्यांना बैठक क्रमांक टाचले. सातवी ठेवली काचेच्या कपाटातली, तू गेल्या वर्षी आणलेली. वर्गात एक हुशार मूल असलं की बाकीच्यांची उंची कळते, म्हणून. (अकरा वर्षांत तू आणलेल्या अकरा बाटल्यांपैकी उघडलेली ही पहिली.) परीक्षक तिघं: मी, हे आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. वाइन चाखायची तर गिळायची नसते, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि "चूळ भरा, आता थुंका" हे इतक्या सवयीने म्हणाले की ह्यांनी आ वासून अक्कलदाढ दाखवली. ह्यांनी विकत आणलेली वस्तू आयुष्यात कधी टाकलेली नाही, त्यामुळे सगळं गिळलं आणि सहाव्या क्रमांकाला दहापैकी चौदा गुण दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची फेरपरीक्षा घ्यावी लागली.

त्या फेरपरीक्षेनंतर निकाल एकमताने लागला. पहिली आली क्रमांक पाच. मोजा काढला, तर तुझी बाटली! मला रडूच कोसळलं. मित्राने सातासमुद्रापलीकडून पाठवली, प्रवासभर मांडीवर घेऊन आलो, किंमत विचारू नकोस, चक्कर येईल, असं तू दर वर्षी सांगतोस. आम्हाला ती कुठून परवडणार? तरी वेडी आशा म्हणून रिकामी बाटली घेऊन पुन्हा दुकानात गेले. विक्रेत्याने वरच्या फळ्यांकडे पाहिलंच नाही. तो खाली वाकला, फरशी पुसायची बादली बाजूला केली आणि तीच बाटली माझ्या हातात दिली. किंमत माझ्या सहाही बाटल्यांपेक्षा कमी! ही कोणी घेतं का, असं विचारलं. तो म्हणाला, "एकच गृहस्थ. दर उन्हाळ्यात बॅग घेऊन येतात. उंच, रंगवलेल्या मिशा, बोलायच्या आधी हसतात. किमतीची चिठ्ठी माझ्याकडून खरवडून घेतात."

दादा, घरी परतताना मी पावलं मोजली. दुकानापासून माझ्या दारापर्यंत एकशे चाळीस पावलं आहेत. मांडीवर कधी घेतलीस रे? अकरा वर्षं मी त्या बाटल्यांवरची धूळ मऊ ब्रशने झटकते आहे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही, लांबूनच बघा, म्हणून दाखवल्या आहेत. दोन दिवस मी त्या ब्रशला हात लावला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बादलीमागून ही बाटली ज्याने शोधली त्याच्या जिभेला तोड नाही. तेव्हापासून तुझ्यावर रागवावं की तुझे पाय धरावेत, तेच कळेनासं झालं आहे.

वहिनींना नमस्कार, कबुतरांना नाही.

तुझी धाकटी आणि परवापर्यंत भोळी असलेली
बहीण

ता. क. : लग्नाला येताना तीन खोकी घेऊन ये. विक्रेता जुन्या गिऱ्हाइकाला सूट देईल. आणि मांडीची, सातासमुद्रांची सगळी हकिकत विहीणबाईंना तूच सांग. मला ती हसू न येता सांगता येणार नाही आणि लेकीचा जीव विहीणबाईंच्या पहिल्या घोटात अडकला आहे.

आणखी एक : तुझ्या बाटलीची बरोबरी व्हावी म्हणून मी दर वर्षी तुला एक चांदीचा चमचा देत आले. ते अकराही चमचे सोनाराकडे उजळायला देणार, असं वहिनी परवा फोनवर म्हणाल्या. देऊ देऊ नकोस. घरीच पुसा. फार घासू नका.