ओला कापूस

तळेगाव, ३ डिसेंबर १९५४
आले एकदाची! आर्वीहून मोटारीने येताना इतकी धूळ बसली की आरशात मीच मला ओळखेना. इथल्या कापसाच्या जिनिंगने कामगारांसाठी दवाखान्याची खोली काढली आहे आणि तिची नर्स म्हणजे मी, शकुंतला. झाडलोटीला रामबाई आहे. तिची मुलगी सखू जिनिंगमध्ये यंत्रात कापूस घालते. भारी तोंडाळ पोर! आल्या आल्या मला म्हणाली, "बाई, तुमी तं सुईवानी बारीक आहा." मला ती फार आवडली.

९ डिसेंबर
आज बायकांना जमवून धडे दिले. रक्त वाहिलं तर स्वच्छ कापड दाबून धरायचं. भाजल्यावर शाई फासायची नाही. जखमी माणूस गार पडून घामेजला तर पाय उंच करून पांघरूण घालायचं, आणि कितीही मागितलं तरी पाणी पाजायचं नाही. मोठ्या दवाखान्यात भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. यावर कुजबुज झाली. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घातलं नाही तर तो तहानलेलाच फिरतो, म्हणे. मी हसण्यावारी नेलं. रामबाईने मात्र सगळं घोकून मला म्हणून दाखवलं. गुणाची बाई.

१७ डिसेंबर
सखूचा हात यंत्रात गेला. दंड आवळून बांधला, कापडावर कापड दाबलं, रक्त थांबेना. आर्वीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला मोटार सांगितली. तोवर कापसाच्या ढिगाशी पडून ती एकच म्हणत होती, "बाई, घोटभर पानी द्या न." रामबाईने पेला आणला. तो मी तिच्या हातातून हिसकावला. मोटार यायच्या आधीच सखू गेली.

ओला कापूस तरी ओठांना लावायचा. तेवढं चालतं, मला शिकवलं होतं. चहूकडे कापूसच कापूस होता आणि मला सुचलं नाही. सुचलंच नाही.

२० डिसेंबर
रामबाई कामावर आली. खोली झाडली, माठ भरून ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी भरलेला पेला तोंडाला लावला, तर कोरडा. सांडला असेल म्हणून पुन्हा भरला. तोही कोरडा. तळाशी कापसाचे तंतू चिकटलेले.

२१ डिसेंबर
माठ भरलेला आहे. पेल्यात पाणी दिसतं, ओठांपाशी येईतो नाहीसं होतं. विहिरीवर ओंजळ धरली — तेच. ओंजळीत तंतू.

२२ डिसेंबर
जीभ टाळूला चिकटते. सखू, मी मुद्दाम नाही गं — तुझा जीव वाचावा म्हणूनच —

२३ डिसेंबर
उभं राहवत नाही. हात गार, अंगाला घाम. रामबाईने माझे पाय उशीवर ठेवले, घोंगडं घातलं. अगदी शिकवल्यासारखं. पेल्यातलं तर नाहीसं होतं, तिनेच तोंडात घोट घातला तर राहील, म्हणून तिला विनवलं. ती रडत म्हणाली, "नाई बाई. तुमीच सांगतलं न, अशाले पानी द्याचं नाई. तुमाले तरी वाचवतो मी." आणि माठ उचलून बाहेर घेऊन गेली. रागाने नाही — मायेने —

दारात सखू. एकच हात. त्यात कापूस, ओला —
रागावलेली नाही. घ्या न बाई, म्हणते —
थेंब वहीवर पडले. लाल आहेत. पण तहान — सखू, जवळ ये — मी तोंड उघ