धुराड्याखालचे पापड

ती. आसावरीआत्यास गुरुदत्तचा दंडवत,

कोपर स्टेशनच्या जिन्याशी तुझ्या गुडघ्याचं जमलं का? (नसेल तर जिन्यालाच बोल, गुडघ्याचा काय दोष!) आम्ही मजेत. वागळे इस्टेटमधला आपला रंगीत काचेचा कारखाना जोरात आहे. आमच्या पिवळ्या लॅम्पशेडला तर तोड नाही.

म्हणूनच जळतात गं लोक. मागच्या सोसायटीच्या सेक्रेटरी कादंबरीबाई. त्यांनी तक्रार केली, की आमच्या भट्टीच्या धुरात कॅडमियम नावाचा विषारी धातू असतो. आता पिवळी काच कॅडमियमशिवाय काय हळदीने होणार? पण ते काचेत राहतं, धुरात कशाला जाईल! (हे कुठे वाचलेलं नाही, पण कॉमन सेन्स आहे.) म्हटलं, पुरावाच देतो. हेमाला उडदाचे पापड कारखान्याच्या गच्चीवर, थेट धुराड्याखाली वाळत घालायला लावले. ती माझ्याशी बोलेना, पण पापड असे झाले की बघत राहावं. तुला डबा पाठवला तो त्यातलाच.

काल तपासणीचे साहेब आले. मी कादंबरीबाईंनाही बोलावलं, पापड तळून ताट पुढे केलं नि म्हटलं, घ्या, आमची हवाच चाखा! साहेबांनी पापड उजेडात धरून विचारलं, उडदाच्या पापडाला ही पिवळी झाक कुठली? मी म्हटलं, उन्हाची. तर म्हणाले, मग आधी तुम्ही घ्या. एवढा मान हल्ली कोण देतं? पण नेमकी माझी संकष्टी आठवली. तेवढ्यात हेमा आतून ओरडली, "अहो, संकष्टी गेल्या आठवड्यात झाली! खिचडी तुम्हीच संपवलीत!" साहेब हसले. कादंबरीबाई हसल्या नाहीत. त्यांचा नातू सारखा खोकतो म्हणे. ते ऐकून मला जरा कसंतरीच झालं, पण चेहरा पडू दिला नाही.

साहेब नमुन्याची पिशवी विसरले होते, त्यामुळे पापड न्यायला शुक्रवारी पुन्हा येणार आहेत. तू काळजी करू नकोस. आपला कारखाना बंद पाडणारा अजून जन्माला यायचाय!

तुझा,
गुरुदत्त

ता. क. तू तुझ्या गच्चीत वाळवलेले पापड शुक्रवारच्या आत पाठव. पांढरेशुभ्र निवडून पाठव, आमचेच म्हणून देईन.

पुन्हा ता. क. राहू दे, पापड नको. भट्टी आज सकाळी मीच बंद केली. धुराड्याला फिल्टर बसेपर्यंत पिवळी काच नाही. (हेमाला सांगितलंय, दुरुस्ती काढलीय.) आणि आत्या, तो डबा अजून फोडला नसशील तर फोडू नकोस. फोडला असशील तर आजच डॉक्टरकडे जाऊन ये. उरलेले चिमण्यांनाही घालू नकोस.